सबमर्सिबल मोटरमध्ये ‘कोणतेही तेल चालते’? नाही, चालत नाही

परवा रात्री मामांचा फोन आला. “अरे, मोटरचं वाइंडिंग झालं. आता तेल भरायचंय. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं डबाभर तेल मिळतंय, फुकट. तो मेसेज आलाय ना, तसं कापडातून गाळून, कढवून घेतलं की झालं का?”

मी विचारले, कुठला मेसेज? त्यांनी पाठवला. तोच मेसेज त्याआधी मला चार जणांकडून आला होता आणि चारही वेळा मी तो वाचून सोडून दिला होता. सोडायला नको होता. मामांच्या ज्या विहिरीत ही मोटर उतरायची आहे, तिचे पाणी नुसते झाडांना जात नाही. घरातली सगळी माणसे तेच पितात, त्यात माझी दोन लहान भाचरे आली.

मेसेजचा मथळा ‘तेलाच्या नावाखाली मोटर कंपन्यांची लूट’ असा आहे. आतला मजकूर थोडक्यात सांगतो. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायच्या, मोटरमधले तेल फक्त थंडाव्याला आणि बेअरिंगला असते, त्यामुळे कोणतेही चालते. मोटर जेमतेम चारशे व्होल्टची, तिला ट्रान्सफॉर्मरच्या दर्जाचे तेल कशाला? इंजिन ऑइल घट्ट, म्हणून उलट जास्त चांगले. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल गाळून कढवले की नव्यासारखे होते. पाण्यासारखे पांढरे तेल भेसळीचे, पिवळे ते अस्सल. भरताना पाव भाग रिकामा ठेवा, कारण तेल फुगते. आणि शेवटी सुचेल ते: डिझेल, खाद्यतेल, काहीही भरा; पाण्याने भरायच्या मोटरमध्येसुद्धा तेलच भरा, आयुष्य दुप्पट. खाली ‘तीस वर्षांचा अनुभव’ असे लिहिले आहे. कोणाचा, ते लिहिलेले नाही.

मीही मोटरी खोलतो, भरतो, जळालेल्या पाहतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“तेल फक्त थंडाव्याला आणि बेअरिंगला.”

तेलाची मोटर एकदा नीट उघडून बघा. स्टेटरच्या खाचांत एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वाइंडिंग, त्यावर वार्निश, मध्ये रोटर, खाली-वर बेअरिंग, शाफ्ट बाहेर पडतो तिथे सील आणि तळाशी डायफ्राम, म्हणजे लवचीक रबरी पडदा. उरलेली सगळी पोकळी तेलाची. म्हणजे वाइंडिंगच्या प्रत्येक वेढ्याला तेल लागून असते. एनॅमलचा थर केसाहून पातळ. तार खाचेत बसवताना, टोके वळवून बांधताना त्याला कुठे ना कुठे ओरखडा जातोच. कितीही जपून हात चालवला तरी जातो. त्या ओरखड्याच्या आणि शेजारच्या तारेच्या मध्ये मग वार्निश आणि तेल एवढेच उरते. तेल हा वाइंडिंगच्या इन्सुलेशनचाच एक भाग आहे.

ते थंडावा देते हे खरे. रोटर-स्टेटरची उष्णता बाहेरच्या नळकांड्यापर्यंत नेते आणि तिथून ती पाणी घेऊन जाते. बेअरिंग ओले ठेवते हेही खरे. पण त्याचे आणखी एक काम मेसेजवाल्याच्या गावीही नाही: आतला दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवणे. दर १० मीटर पाण्याखाली साधारण १ बार दाब वाढतो. मोटर ६० मीटर पाण्याखाली असेल तर तिच्या सीलवर बाहेरून ६ बारचा रेटा असतो. आत तेल गच्च भरलेले असेल आणि डायफ्राम शाबूत असेल तर तोच दाब आतही तयार होतो आणि सीलला दोन्ही बाजूंनी सारखेच पडते. या मुद्द्याकडे पुढे परत येतो, कारण ‘पाव भाग रिकामा’ वाला सल्ला इथेच आपटतो.

“मोटर चारशे व्होल्टची, मग ट्रान्सफॉर्मरचा दर्जा कशाला?”

हे वाक्य पटकन पटते, आणि यातले अर्धे मला मान्य करावे लागते. मुख्य इन्सुलेशन एनॅमल आणि वार्निशचे आहे. चारशे व्होल्टला रोखायला तेलात अफाट ताकद लागत नाही. नवे, कोरडे इंजिन ऑइलसुद्धा तेवढी वीज अडवेल.

पण दर्जाचा तो आकडा कशासाठी असतो हे समजून घ्या. आयईसी ६०२९६ हे इन्सुलेटिंग खनिज तेलाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तेलाची ब्रेकडाउन चाचणी असते: दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटर अंतर ठेवायचे, व्होल्टेज चढवत न्यायचे आणि ठिणगी कधी पडते ते बघायचे. डब्यातून आले तसे तेल किमान ३० हजार व्होल्टपर्यंत टिकले पाहिजे, आणि प्रयोगशाळेत गाळून सुकवल्यावर किमान ७० हजार. तेल तेच असताना ३० आणि ७० मधला फरक कशाचा? ओलाव्याचा आणि कचऱ्याचा. म्हणजे ही चाचणी खरे तर तेल किती कोरडे आणि किती स्वच्छ आहे ते सांगते. मोटरमध्ये ३० हजार व्होल्ट कधीच येत नाहीत, पण ओलावा मात्र येतो, आणि मोटर मारतो तो ओलावा.

किती ओलावा चालतो? त्याच मानकाप्रमाणे पिंपात किंवा डब्यात आलेल्या नव्या तेलात किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत पाणी. एक लिटर तेल साधारण ८७० ग्रॅमचे, म्हणजे लिटरला ३५ मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब असतो सुमारे ५० मिलिग्रॅमचा. लिटरभर तेलात पाण्याचा एक अख्खा थेंबसुद्धा बसत नाही, इतके ते कोरडे असावे लागते. आता आठवा, नरसाळे नळाखाली धुतले, अंगावरच्या फडक्याने पुसले आणि त्यातूनच तेल ओतले असे किती वेळा झाले आहे. मी हे स्वतः केले आहे, कामाला लागलो तेव्हा. कोणी सांगितलेच नव्हते.

“इंजिन ऑइल घट्ट, म्हणून बेअरिंगला उत्तम आणि सीलमधून गळत नाही.”

हा मुद्दा मला सर्वात जास्त वेळा ऐकवला जातो, म्हणून आकड्यांनीच बोलतो. आयईसी ६०२९६ प्रमाणे इन्सुलेटिंग तेलाची घट्टाई ४० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त १२ सेंटिस्टोक. ४० ग्रेडचे इंजिन ऑइल त्याच तापमानाला १३० ते १५० सेंटिस्टोकच्या घरात असते. दहापटींहून जास्त. इंजिनात ते चालते, कारण इंजिन शंभर अंशांच्या आसपास तापते आणि तेल पातळ होते. सबमर्सिबल मोटरला बाहेरून सतत गार पाणी लागते. तिथे ते तेल घट्टच राहते.

आता हा घट्टपणा कुठे अडकतो ते बघा. रोटर आणि स्टेटरमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. तिच्यातही तेल. रोटर मिनिटाला २८५० फेरे मारतो. ५० मिलिमीटर व्यासाचा, २०० मिलिमीटर लांबीचा रोटर आणि ०.४ मिलिमीटर फट धरून मी ढोबळ गणित मांडले. रोटरचा पृष्ठभाग सेकंदाला साडेसात मीटर वेगाने पळतो. ६० अंशांच्या इन्सुलेटिंग तेलात नुसते ते तेल ढवळायला वीस-तीस वॅट जातात. ४० ग्रेडच्या इंजिन ऑइलमध्ये, त्याच तापमानाला, दोनशेच्या आसपास. आणि तेल पस्तीस अंशांचे, अजून गार असेल तर सातशेच्या पुढे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे एक एचपीची मोटर सुरुवातीला जवळपास सगळा जोर स्वतःच्या तेलातच घालवते. फटीतले तेल लवकर तापते, मग आकडा खाली येतो हे खरे. पण सिंगल फेज मोटरचा मूळचा चालू होण्याचा जोर कमी, त्यात ती अशी रेंगाळली की स्टार्टिंग वाइंडिंग आधी तापते. अँपिअर वाढतात, ओव्हरलोड पडतो, मालक ओव्हरलोडचा आकडा वर सरकवतो आणि पुढच्या आठवड्यात मोटर माझ्या टेबलावर येते.

अशीच एक मोटर दोन वर्षांपूर्वी आली. खालचा प्लग काढल्यावर तेल धारेने यायला हवे. ते लोंबत आले. रंग गढूळ, दुधाळ तपकिरी. बोटांत घेऊन चोळले तर साबणासारखे बुळबुळीत. डबा रात्रभर तसाच ठेवला, सकाळी तळाला पाणी वेगळे उतरलेले नव्हते. इंजिन ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली डिटर्जंट आणि डिस्पर्संट द्रव्ये असतात. काजळी आणि ओल तळाला बसू न देता तेलातच तरंगत ठेवणे हे त्यांचे कामच आहे. इंजिनात तो गुण आहे. मोटरमध्ये सीलमधून आलेले पाणी तळाला न बसता तेलाबरोबर वाइंडिंगच्या प्रत्येक खाचेपर्यंत फिरते. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे यंत्र, लावला तर काटा शून्यावर, म्हणजे इन्सुलेशन संपलेले. बेअरिंग मात्र नव्यासारखे होते. आणणाऱ्याने तेवढेच बघितले आणि म्हणाला, “बघा, तेल चांगलंच होतं.”

घट्ट तेलाने बेअरिंग जास्त टिकते हा समजही फोल. एवढ्या वेगात आणि एवढ्या हलक्या भाराला पातळ तेलाची फिल्म पुरते. सील गळत असेल तर सील बदला. गळकी सील घट्ट तेलाने लपवली तर तेल बाहेर यायचे थांबेल, पाणी आत यायचे थांबणार नाही.

हा समज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. सांडपाण्याच्या सबमर्सिबल पंपांत मोटर आणि इंपेलरच्या मध्ये एक वेगळा तेलाचा कप्पा असतो, मेकॅनिकल सीलसाठी. त्यात ३२ ग्रेडचे टर्बाइन किंवा तसेच तेल भरायला पुस्तिकेतच सांगितलेले असते. ते तेल वाइंडिंगला लागत नाही. कोणीतरी तो कप्पा आणि मोटरची पोकळी एकच समजले. आणि तिथेही ३२ सेंटिस्टोकचे पातळ तेल सांगितले आहे, गाडीचे ४० ग्रेडचे नव्हे.

वापरलेले, काळे इंजिन ऑइल भरणाऱ्यांबद्दल एकच सांगतो: त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते, दोन्ही वीज वाहून नेतात, आणि ते तेल कातडीला लागणेसुद्धा वाईट.

“जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल गाळून कढवले की नव्यासारखे.”

माझा खरा राग या मुद्द्यावर आहे. मामा हेच करायला निघाले होते.

आधी यातले जे खरे आहे ते देऊन टाकतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल खरोखर पुन्हा वापरात आणतात. व्हॅक्यूममध्ये तापवून त्यातले पाणी आणि हवा काढतात, विशिष्ट मातीतून गाळून आम्ल आणि गाळ काढतात आणि मग प्रयोगशाळेत तपासतात. तपासल्याशिवाय परत भरत नाहीत. कापड आणि कढई यांत यातले काहीच होत नाही. कापडातून कचरा अडतो. तेलात विरघळलेले पाणी आणि जुन्या तेलात तयार झालेली आम्ले आरपार जातात. कढवल्यावर कडकड आवाज येऊन पाणी उडते, हे दिसते म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण ते तेल उघड्यावर गार होताना हवेतली ओल परत ओढून घेते. नव्या तेलाचासुद्धा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, १३५ अंशांच्या आसपासचा असतो. उघड्या जाळावर थर्मामीटर न लावता ते तापवणारा माणूस त्या आकड्यापासून किती लांब आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नसते. आम्ले जात नाहीतच. ती पुढे एनॅमल आणि सीलचे रबर खात बसतात.

पण हे सगळे मोटरचे नुकसान झाले. मोटर पुन्हा भरता येते.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी असू शकते. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल. १९२९ पासून ही रसायने कारखान्यांत तयार होऊ लागली आणि आग न पकडणारे इन्सुलेटिंग तेल म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरली गेली. ती निसर्गात मोडत नाहीत. पाण्यातून गाळात, गाळातून माशात, माशातून माणसाच्या चरबीत साठत जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. अमेरिकेने १९७९ साली त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली.

“पण आमचा ट्रान्सफॉर्मर तर साध्या खनिज तेलाचा होता,” असे लगेच कोणीतरी म्हणेल. तसाच बहुतेकांचा असतो. अडचण अशी की तेल गाळायची यंत्रे, टाक्या आणि नळ्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरना एकच वापरल्या गेल्या. एका पीसीबीच्या ट्रान्सफॉर्मरवर चाललेले यंत्र नंतर दहा साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालले आणि त्या दहांच्या तेलात पीसीबी मिसळले. अशा तेलात ते रंगाने दिसत नाही, वासाने कळत नाही, कापडात अडकत नाही. कढवून जात नाही, कारण त्याचा उत्कलनबिंदू तीनशे अंशांच्या वर आहे. म्हणजे मेसेजमधली कृती केल्यावर पाणी थोडे कमी होईल आणि पीसीबी होते तेवढेच राहील.

यावर एकच कागद पुरेसा आहे: स्टॉकहोम करार, निसर्गात न मोडणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार. २००१ मध्ये झाला, २००४ पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्ट अ मधला दुसरा भाग पूर्ण पीसीबीवर आहे. पीसीबी असलेली उपकरणे २०२५ पर्यंत वापरातून काढायची आणि त्यांच्या कचऱ्याची २०२८ पर्यंत नीट विल्हेवाट लावायची असे त्यात ठरले. किती लहान उपकरणापर्यंत शोधायचे? ०.००५ टक्क्यांहून, म्हणजे ५० पीपीएमहून (दशलक्षात ५० भागांहून) जास्त पीसीबी आणि ०.०५ लिटरहून जास्त द्रव असलेली उपकरणेसुद्धा शोधून काढायचा प्रयत्न करायचा. ०.०५ लिटर म्हणजे ५० मिलिलिटर. अर्धी वाटीसुद्धा नाही. आणि त्याच भागात असेही आहे की असे उपकरण जोवर वापरात आहे तोवर ते न गळणारेच असले पाहिजे, आणि अन्न किंवा चारा तयार होतो अशा ठिकाणी ते वापरायचेच नाही. जगातले देश एकत्र बसून ५० मिलिलिटरचा हिशोब करत आहेत, आणि इथे लिटरभर तेल पिण्याच्या विहिरीत सोडायचा सल्ला हजारो लोकांना जातो आहे.

“सोडतंय कोण? मोटरच्या आत आहे ना,” हेही मला ऐकवले गेले. सबमर्सिबल मोटरचे तेल कधी ना कधी पाण्यात जाते. सील झिजते, डायफ्राम फाटतो, केबलच्या ग्लँडमधून पाझरते. मोटर जळते तेव्हा तर अनेकदा अर्धे तेल आधीच गेलेले असते. अमेरिकेतच १९७९ पूर्वीच्या काही सबमर्सिबल पंपांच्या भागांत पीसीबी होते, आणि ते फुटून घरगुती विहिरींचे पाणी खराब झाल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत.

पीसीबी अन्नात गेल्यावर काय होते तेही जगाने पाहिले आहे. १९६८ साली पश्चिम जपानात तांदळाच्या कोंड्याचे तेल शुद्ध करताना ते गरम करायच्या नळीतून पीसीबी झिरपून खाद्यतेलात मिसळले. लोकांच्या अंगावर मोठे काळे पुरळ उठले, डोळे चिकटू लागले, हातपाय बधिर झाले, गरोदर बायकांना काळवंडलेल्या कातडीची मुले झाली. हजारो लोकांनी तक्रारी नोंदवल्या. तिथेही मुळात प्रकार एवढाच होता: एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला अन्न, आणि मध्ये एक नळी जी गळणार नाही असे गृहीत धरले होते. आपल्या मोटरमध्ये त्या नळीच्या जागी रबराची एक सील आहे.

मामांना मी हे सगळे फोनवर सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारले, “मग हे डबाभर तेल करायचं काय?” मी म्हटले, “झाकण घट्ट लावा, कशातही ओतू नका, जिथून आणलं तिथं परत करा. गटारात नाही, शेतात नाही, लाकडाला वाळवी लागू नये म्हणूनही नाही.” शेवटचे मुद्दाम सांगावे लागते, कारण लोक तेही करतात.

“पांढरे तेल भेसळीचे, पिवळे अस्सल.”

नेमके उलटे. खनिज तेल जितके जास्त शुद्ध करावे तितका त्याचा रंग आणि वास जातो. व्हाइट ऑइल पाण्यासारखे दिसते ते त्यातली अरोमॅटिक प्रकारची हायड्रोकार्बन जवळजवळ पूर्ण काढलेली असतात म्हणून. अन्नात वापरायच्या व्हाइट ऑइलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत वेगळे कलमच आहे, शीर्षक २१ मधले १७२.८७८. ज्या विहिरीचे पाणी माणसे पितात, तिथे त्या दर्जाचे, पातळ ग्रेडचे व्हाइट ऑइलच भरावे असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या, सीलबंद ट्रान्सफॉर्मर तेलाने मोटर उत्तम चालते, शेतीच्या पाण्याच्या मोटरीत ते भरले तर मी हरकत घेणार नाही. पण ते माणसाच्या पोटात जायच्या हिशोबाने बनवलेले नाही. मोटरसोबतच्या पुस्तिकेत तेलाचा प्रकार आणि ग्रेड दिलेला असेल तर आधी तो पाळा, आणि दोन वेगवेगळी तेले एकत्र करू नका.

आणि हो, ‘लूट’ या शब्दाबद्दल. मोटर कंपनीच्या नावाच्या छोट्या डब्यात बऱ्याचदा कुठल्यातरी तेल कंपनीचे साधे व्हाइट ऑइलच असते. त्याच प्रकारचे, त्याच ग्रेडचे, सीलबंद तेल दुसऱ्या नावाने घेतले तर काही बिघडत नाही. एवढी एक गोष्ट मेसेजवाल्याची खरी. त्यावरून ‘कोणतेही तेल’ इथपर्यंत उडी मारायची गरज नव्हती.

“पाव भाग रिकामा ठेवा, तेल फुगते.”

तेल फुगते, खरे. एका अंशाला हजारात पाऊण भाग. लिटरभर तेल ५० अंशांनी तापले तर साधारण ३७ मिलिलिटर वाढेल, दोन-अडीच मोठे चमचे. तेवढ्यासाठीच तळाशी डायफ्राम दिलेला आहे. तेल तापले की तो बाहेर सरकतो, गार झाले की आत येतो.

आता पाव लिटर हवा ठेवून मोटर ६० मीटर पाण्याखाली सोडा. वातावरणाचा धरून दाब ७ बार. २५० मिलिलिटर हवेची ३६ मिलिलिटर होते. उरलेली दोनशेहून जास्त मिलिलिटरची पोकळी भरायला डायफ्राम आत ओढला जातो, त्याची हद्द संपते, आत दाब कमी आणि बाहेर जास्त अशी स्थिती होते, आणि पाणी सीलच्या ओठाखालून आत शिरते. शिवाय हवा वर चढते, म्हणजे वरचे बेअरिंग आणि वाइंडिंगची वरची टोके कोरडी पडतात. मोटर पूर्ण भरायची. भरताना थोडी तिरकी करायची, शाफ्ट हाताने फिरवायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबून परत वर करायची. बुडबुडे थांबेपर्यंत प्लग लावायचा नाही.

राहिलेले पटापट उरकतो. डिझेल आणि रॉकेल: बेअरिंगला पुरेसा ओशटपणा देत नाहीत, रबर फुगवतात, पेट घेण्याचे तापमान कमी, आणि थोडेसे डिझेल विहिरीत गेले तरी पाण्याला वास येतो. खाद्यतेल: नैसर्गिक एस्टरची, म्हणजे वनस्पतींपासूनची, तेले मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरतात, हे खरे, पण ती शुद्ध करून, ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्ये घालून बनवलेली असतात, घरातले तेल तापमान आणि ओल यांनी आम्ल होते, चिकट होते, आणि खोबरेल तर २४ अंशांखाली थिजते. पाण्याने भरायची मोटर: तिची तारच वेगळी, प्लास्टिकचे वेष्टन असलेली, आणि थ्रस्ट बेअरिंग पाण्यावर चालायला केलेले. तिच्यात तेल भरू नका. तेलाच्या मोटरमध्ये ओ-रिंग किंवा सील बदलताना रबर नायट्राइलचे आहे ना हे मात्र बघा. ईपीडीएमचे रबर खनिज तेलात फुगून मऊ पडते, आणि वरून दोन्ही काळी, सारखीच दिसतात.

मामांची मोटर काल आम्ही भरली. वाइंडिंग आधी आठ तास उबेत सुकवले, कारण ओल्या वाइंडिंगला जगातले कोणतेही तेल वाचवत नाही. गरम असतानाच मेगर लावला, नोंद लिहिली. नरसाळे कोरडे, स्वच्छ, नुसते त्याच कामासाठीचे. सीलबंद व्हाइट ऑइलचा डबा मामांनी स्वतःच्या हाताने फोडला. पहिल्यांदा भरल्यावर पातळी दोनदा खाली गेली, दोन्ही वेळा परत भरली. शाफ्ट फिरवत असताना शेवटचा एक बारीक बुडबुडा बराच उशिरा आला, तो येईपर्यंत थांबलो. मग मोटर उभी करून रात्रभर कागदावर ठेवली. सकाळी कागद कोरडा होता. पाण्यात उतरवायच्या आधी परत मेगर लावला, ५०० व्होल्टवर काटा दोनशे मेगओहमच्या पुढे. मामांनी आकडा स्वतः वाचला, वहीत लिहिला, आणि तो मेसेज ज्या ग्रुपवरून त्यांना आला होता तिथे मला हे सगळे लिहायला सांगितले.